किटो, भाकरी आणि वरून तुपाची धार

मागच्या अंकात एका ताईंना उत्तर देताना मी सहज लिहून गेले की 'किटो बिटो सगळ्यांना झेपतं असं नाही' (किटो म्हणजे पोळी-भात-साखर जवळपास बंद करून तूप-पनीर-अंड्यांवर राहायचं), बास, त्या एका ओळीवरनं इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या वेळी दुसरं काही घेताच येत नाहीये. केसगळती आणि थायरॉइडवाल्यांनी जरा थांबा, पुढच्या महिन्यात तुमचा नंबर. नावं कुणाचीच छापत नाहीये, लांबलचक पत्रं कापलीत, रागावू नका.

गंगापूर रोडवरून एक दादा: मॅडम, वय ४१, वजन ९४, बँकेत बसून काम. जिमच्या ट्रेनरने किटो दिलंय. पोळी, भात, साखर, फळं सगळं बंद, अंडी चिकन पनीर तूप चीज कितीही. १० दिवसांत ४ किलो उतरलं!! एवढं तर मागच्या वर्षी वर्षभर पळून नाही झालं. बायको म्हणते तुपाने कधी कोणी बारीक होतं का. तुम्हीच सांगा तिला.

दादा, तिला काय सांगायचं ते बघू, आधी तुम्हाला सांगते. हे ४ किलो बहुतेक पाणी आहे. आपण पोळी-भात खातो त्याची साखर होते, लागेल तेवढी वापरली जाते आणि थोडी लिव्हरमध्ये नि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवली जाते, सगळा साठा मिळून फार तर ४००-५०० ग्रॅम, पण गंमत अशी की त्यातल्या एकेका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कार्ब, म्हणजे पोळी-भात-साखरेतला हा पिष्टाचा-साखरेचा भाग, बंद केले की हा साठा दोन-तीन दिवसांत रिकामा होतो आणि पाणी सुटतं, शिवाय इन्सुलिन खाली आलं की किडनी मीठ बाहेर टाकायला लागते आणि मिठामागे अजून पाणी. पहिल्या आठवड्यात बाथरूमच्या फेऱ्या वाढल्या होत्या ना? मग तेच. साधा हिशोब करून बघा, एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, ४ किलोच्या झाल्या ३० हजारांवर, म्हणजे रोजच्या ३००० कॅलरीचा खड्डा पडायला हवा, आणि तुम्ही बँकेत बसून अख्ख्या दिवसात तेवढ्या जाळतही नसाल. एखाद्या लग्नात दोन दिवस जेवलात की यातले दोन किलो परत आलेले दिसतील आणि तुम्ही म्हणाल डाएट फेल गेलं. फेल काही नाही, पाणी आत आलं.

पण म्हणून किटो म्हणजे नुसती हवा असंही मी म्हणणार नाही. दिवसाचे कार्ब २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवले की लिव्हर चरबीपासून किटोन नावाचं इंधन बनवायला लागते आणि मेंदूसुद्धा बराचसा त्यावर चालतो. बऱ्याच लोकांची भूक खरंच मरते, संध्याकाळी सहाला वेफरच्या पाकिटाकडे हात जात नाही, आणि मला विचाराल तर किटोचा सगळ्यात मोठा फायदा हाच, बाकी जादू कमी. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, उतरतात, जेवणानंतरची शुगर उसळत नाही. पहिल्या काही महिन्यांत वजनही जरा जास्त उतरतं. वर्षभराने मात्र फरक फारसा उरत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डवाल्यांनी ६०९ लोकांना वर्षभर बघितलं, निम्मे कमी कार्बवाले, निम्मे कमी फॅटवाले, २०१८ मध्ये निकाल छापून आला, एका गटाचं सरासरी ६ किलो उतरलं तर दुसऱ्याचं ५.३. त्यातले सगळे काही कडक किटोवर नव्हते हे खरं, पण अंदाज यायला पुरे. जो वर्षभर टिकला त्याचं उतरलं, एवढंच त्यातून निघतं.

ट्रेनरचा एक शब्द मला खटकला, 'कितीही'. किटोतही कॅलरी मोजाव्याच लागतात हो. आणि सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, केलं होतं का? नसेल तर आता करा आणि तीन महिन्यांनी परत, कारण काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अशा खाण्यावर चांगलंच वर जातं, ते आरशात दिसत नाही. घरात मुतखड्याचा इतिहास असेल, पित्ताशयात खडे असतील, किडनीचं काही असेल तर आधी डॉक्टर, मग ट्रेनर. बीपीची गोळी चालू असेल तरी विचारा, पाणी-मीठ गेल्यावर बीपी उतरतं आणि जुना डोस जड होतो, मग उठताना चक्कर. बायकोला सांगा तिचं बरोबर आहे, तुपाने कोणी बारीक होत नाही, पोळी-भात-साखर गेली म्हणून होतं, आणि तूप आपलं श्रेय घेऊन जातं.

अशोका मार्गावरून एक ताई: किटोचा तिसरा आठवडा, पायात रात्री गोळे येतात, पोट साफ होत नाही आणि मुलगी म्हणते मम्मी तुझ्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. हे नॉर्मल आहे का?

मुलीचं नाक तिखट आहे. किटोनपैकी एक असतं अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हरमध्येही तेच, ते श्वासातून बाहेर पडतं. हळूहळू कमी होतं. गोळे बहुतेक मीठ-पाणी कमी पडल्यामुळे, बीपी नसेल तर दिवसातून एकदा मिठाचं पातळ सूप किंवा जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक घ्या, ताकाचे कार्ब हिशोबात धरा. पोटासाठी भेंडी, मेथी, पालक, काकडी ताटात दिसली पाहिजे, नुसतं पनीर नाही, आणि रात्री इसबगोल. डोकं दुखणं, गळून जाणं याला लोक 'किटो फ्लू' म्हणतात, पहिल्या आठवड्यात येतो आणि जातो. तिसऱ्या आठवड्यातही गळून जात असाल तर शरीर नाही म्हणतंय, ऐका.

इंदिरानगरहून एक मुलगी, आईसाठी: आई ५८ वर्षांची, १२ वर्षं शुगर. गोळ्यांची पट्टी बघून लिहितेय, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी किटोचा चार्ट टाकला, ९ दिवस झाले करतेय, शुगर मस्त आली म्हणून खूश होती. कालपासून मळमळ, पोटात दुखतंय, आज सकाळी दोन उलट्या, दम लागल्यासारखं करतेय. घरच्या मशीनवर शुगर १६८ आली म्हणून बाबा म्हणतात अ‍ॅसिडिटी आहे. लिंबूपाणी दिलं. किटो चालू ठेवायचं का?

हे पत्र अंकाची वाट बघणारं नव्हतं. मेल आला सकाळी दहाला, खाली नंबर होता म्हणून मी फोनच केला आणि सांगितलं की लिंबूपाणी राहू दे, रिक्षा बोलाव आणि हॉस्पिटलला गेल्यावर पहिलं वाक्य हे बोल की आई डापाग्लिफ्लोझिन घेते आणि नऊ दिवस कार्ब बंद आहेत. तिथे रक्तातले किटोन तपासले, खूप वाढलेले निघाले, रक्त आम्लधर्मी झालं होतं, याला किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. सलाइन, इन्सुलिन, सोबत ग्लुकोज, चार दिवस ठेवून घेतलं. आता काकू घरी आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच हे छापतेय, उलट त्याच म्हणाल्या छापाच, आमच्या मंडळातल्या अजून तिघी तीच गोळी खातात.

झालं काय ते नीट समजून घ्या, कारण नाशकात काय, कुठेही आता ही गोळी घराघरात आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळी चांगलीच आहे, हृदयाला आणि किडनीला फायदा देते, तिला शिव्या घालू नका. पण ती घेत असताना तुम्ही कार्बही बंद केले की इन्सुलिन अगदी खाली जातं, लिव्हर धडाधड किटोन बनवत सुटते, आणि साखर तर लघवीतून वाहून जातेय, त्यामुळे मशीनवर आकडा दीडशे-पावणेदोनशे. नेहमी किटोअ‍ॅसिडोसिस म्हटलं की शुगर चारशे-पाचशे असं डोक्यात असतं, इथे तसं दिसतच नाही आणि घरचे म्हणतात अ‍ॅसिडिटी. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्येच या गोळ्यांबाबत हा इशारा दिलाय. बाबांची काही चूक नाही, आकडा बघून कोणीही फसलं असतं.

मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, विचित्र थकवा, यातलं काही झालं आणि ही गोळी चालू असेल तर शुगर कितीही चांगली असो, थेट हॉस्पिटल. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्यांनी, ऑपरेशनच्या आधी उपाशी राहणाऱ्यांनी, जुलाब-उलट्यांनी जेवण सुटलेल्यांनीही ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

ग्लिमेपिराइडचं उलटं आहे, ती किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी बंद केली तर शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, कधी शुद्धच हरपते. डायबिटीसवाल्यांना कमी कार्बचा फायदा होतो का, होतो, बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी झालेल्या मी बघितल्यात. पण कार्ब कमी कराल त्याच दिवशी गोळ्याही कमी करायच्या असतात, डॉक्टरांनी. ग्रुपवरच्या चार्टमध्ये गोळ्यांचा रकाना नसतो. टाइप १ वाले, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, तुम्ही या भानगडीत पडूच नका.

पंचवटीतून एक काकू: आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सून किटो करते म्हणून मीही दोन महिने करतेय. सकाळी कॉफीत तूप, जेवणात तूप, खोबरं. वजन ७१ होतं ते ७३ झालं. असं कसं?

काकू, तुम्ही पत्रासोबत आठवड्याची वही पाठवलीत, रेघा मारून, तारखेसकट, देव तुमचं भलं करो, निम्म्या पेशंटना मी ही वही मागून मागून थकते. त्यातला मंगळवार घेते. सकाळी कॉफीत एक मोठा चमचा तूप. दुपारी ज्वारीची एक भाकरी, वाटीभर वरण, त्यावर एक चमचा तूप, मटकीची उसळ. चारला चहा बिनसाखरेचा. रात्री एक पोळी तूप लावून, दुधी. रात्री झोपताना अर्धा कप दूध.

आता कार्ब मोजू. भाकरीचे साधारण ३०, वरणाचे १५, उसळीचे १५, पोळीचे २०, चहा-दुधाचे १० धरा, झाले ९०. दुधी धरलाच नाही. म्हणजे किटोन काही तयार होत नाहीयेत, शरीर आपलं रोजच्यासारखं भाकरीवरच चाललंय आणि वरून तीन मोठे चमचे तूप, साडेतीनशेहून जास्त कॅलरी, नवीन भर. त्या खर्ची घालायला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तास-दीड तास झपझप फेऱ्या माराव्या लागतील. वजन वाढणार नाहीतर काय होणार. आणि हा तुमच्या एकटीचा घोटाळा नाही, माझ्याकडे किटो करतो म्हणून येणाऱ्यांत सगळ्यात जास्त हाच प्रकार बघते मी, भाकरी सुटत नाही आणि तूप मात्र सुरू होतं, हे अर्धं किटो ना इकडचं ना तिकडचं, याच्यापेक्षा साधं वरण-भात-भाजी मापात खाल्लेलं परवडलं.

अंड्याशिवाय खरं किटो होतं का? होतं, पण ताट फार ओकंबोकं होतं. डाळी, उसळी सगळ्या जातात, आणि आपल्या शाकाहारी घरात प्रोटीन येतं ते तिथूनच. मग उरतं काय तर पनीर, टोफू, थोडं दही, शेंगदाणे मोजून, तीळ, जवस, खोबरं आणि पालेभाज्या. सकाळी पनीर, दुपारी पनीर, रात्री पनीर, पंधरा दिवसांत माणूस पनीरच्या नावाने बोटं मोडतो. तुमच्या वयाला स्नायू टिकवायचे असतात, प्रोटीन कमी पडलेलं चालणार नाही. मी तुमच्या जागी असते तर किटो सोडलं असतं, कॉफीतलं तूप पहिलं बंद, भाकरी दुपारी एकच ठेवली असती, रात्रीची पोळी काढून त्याजागी मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही, आणि उसळ दुप्पट. याला कोणी ग्लॅमर देणार नाही, माहितीये. आपण भारतीय सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास कॅलरी कार्बमधून खातो, त्या ५० वर आणल्या आणि प्रोटीन वाढवलं तरी शुगरवाल्यांना, वजनवाल्यांना फरक दिसतो, त्यासाठी ५ टक्क्यांवर जायची गरज बहुतेकांना नसते. सुनेला काही बोलू नका हं, तिची वही आलेली नाही माझ्याकडे.

सिन्नरहून एक आई: मुलगा ४ वर्षांचा, फिट्स येतात, दोन औषधं देऊन थांबत नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांनी किटो डाएट सांगितलंय. सासरचे म्हणतात हे बारीक व्हायचं फॅड आहे, लेकराला उपाशी मारणार का. काय करू?

ताई, तुमच्या सासरच्यांना हे वाचून दाखवा. किटो जन्मलं ते बारीक होण्यासाठी नाहीच. फिट्स आलेलं माणूस उपाशी राहिलं की फिट्स कमी होतात हे जुन्या काळापासून लोकांच्या लक्षात आलेलं होतं, पण कायम उपाशी कसं ठेवणार, म्हणून १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर या डॉक्टरांनी असं खाणं सुचवलं की शरीराला उपास चाललाय असं वाटावं आणि पोटात मात्र अन्न असावं, 'किटोजेनिक डाएट' हे नावही त्यांचंच. नंतर १९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिट्सचं औषध आलं, गोळी देणं सोपं, डाएट मागे पडलं. १९९० नंतर ते परत वर आलं. ज्या मुलांच्या फिट्स औषधांनी थांबत नाहीत त्यांच्यातल्या साधारण निम्म्या मुलांमध्ये फिट्स निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. तुमच्या मुलासाठी हे औषध आहे.

आणि औषध आहे म्हणूनच घरच्या घरी करायचं नाही. यात एक प्रमाण असतं, ४ ग्रॅम फॅटमागे १ ग्रॅम प्रोटीन-कार्ब मिळून, प्रत्येक घास ग्रॅमच्या काट्यावर मोजायचा. खोकल्याच्या सिरपमधली साखरसुद्धा मोडता घालते, म्हणून कुठलंही औषध देताना बिनसाखरेचं मागा. आजीने प्रेमाने दिलेलं अर्धं बिस्किट यात चालत नाही, हेच सगळ्यात अवघड जातं, कारण मूल रडतं आणि घरात आपण एकट्या वाईट ठरतो. सासूबाईंना एकदा डाएटिशियनसमोर बसवाच, काटा त्यांच्या हातात द्या, मोजायचं काम त्यांचं करून टाका. फिट्सची औषधं मात्र आपल्या मनाने एक थेंबही कमी करायची नाहीत. अधूनमधून रक्त, लघवी, उंची-वजन बघावं लागतं, मुतखडे आणि वाढ खुंटणं याकडे डॉक्टरांचं लक्ष असतंच.

सिडकोतून एक दादा: किटो आणि दीक्षित डाएट एकच ना?

नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, मध्ये काही नाही. तिथे किती वेळा खाता त्यावर भर आहे, किटोत काय खाता त्यावर. दोन्ही एकदम करतो असं तुम्ही पुढे लिहिलंय, त्याला माझं उत्तर नको असंच आहे.

दिंडोरीकडून एक भाऊ: ३ एकर बाग आहे. वजन ८८. पोरगा पुण्याला असतो, तो म्हणतो पप्पा किटो करा. पुढच्या महिन्यात माल तोडणीला येतोय, मग द्राक्ष तोंडातच घालायचं नाही का? गोडी बघायला चाखावं तर लागतंच.

भाऊ, तुमच्याकडे ब्रिक्स मीटर असेलच. मणी पिळून रस त्यावर टाकता, आकडा येतो १८, तो आकडाच तुमचा डाएट चार्ट आहे, रसाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम साखर. एक बरा घड ३०० ग्रॅमचा धरला तर ५० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे कडक किटोतला अख्ख्या दिवसाचा कोटा त्या एका घडात संपला. बागेत फिरता फिरता आठ-दहा मणी तोंडात टाकले तर ८-९ ग्रॅम, ते किटोतही एखाद वेळी बसवता येईल.

पण तुम्हाला किटो कशाला हवंय? शुगर नाही, गोळी नाही असं लिहिलंय. दिवसभर बागेत चालता, वजन वाढलंय ते पत्रात तुम्हीच लिहिलेल्या चार कप गोड चहामुळे आणि रात्री साडेदहाच्या जेवणामुळे, निदान मला तरी तसंच दिसतंय. चहातली साखर आधी निम्मी करा, मग बंद, रात्रीचं जेवण आठला आणा, दोन भाकरीच्या जागी एक. द्राक्ष चाखा. बेदाण्यांचं मात्र जपून, पाणी उडालेलं असतं, १०० ग्रॅममध्ये ६५ च्या आसपास साखर, आणि घरचा माल म्हणून डबा कायम ओट्यावर उघडा असणार. तो डबा पोराबरोबर पुण्याला पाठवून द्या.